उत्सवामागचा शिपाई



कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री गडावर त्रिपूर पेटतो, तेव्हा रामटेकच्या पंचक्रोशीतला माणूस वर पाहून हात जोडतो. ते पेटवण्याचे साहित्य वर कोणी नेले आणि वाऱ्यापासून ज्योत कोणी सांभाळली, हे त्या क्षणी कोणी विचारीत नाही. उत्सवाची रीतच अशी आहे. ज्योत दिसते, तिच्यामागचे हात दिसत नाहीत. आज आम्हांला बोलायचे आहे ते अशाच हातांविषयी. मात्र ते देवळातले नव्हेत, राष्ट्राच्या उत्सवातले आहेत.

26 जानेवारी 1950 हा दिवस आपण पुस्तकांतून आणि चित्रांतून पाहिला आहे. सकाळी दिल्लीत डॉ. राजेंद्रप्रसादांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली, 31 तोफांची सलामी झाली आणि दुपारी आयर्विन स्टेडियमवर सैन्याचे संचलन झाले. त्यात तीन हजारांवर सैनिक होते. इंडोनेशियाचे अध्यक्ष सुकार्नो पाहुणे म्हणून आले होते. पुढे 1955 पासून हे संचलन राजपथावर होऊ लागले. 2022 मध्ये त्याच रस्त्याला कर्तव्यपथ हे नाव मिळाले. हे सारे इतिहासात नोंदले गेले आहे. पण चालणाऱ्या प्रत्येक तुकडीमागे न चालणारे किती असतात, याचा विचार आपण क्वचितच करतो. थंडीच्या अंधारात तालमीसाठी माणसे उठतात, त्यांच्या आधी उठून कोणी चुली पेटवतो. कोणी तंबू ठोकतो, कोणी तारायंत्र सांभाळतो, कोणी घोड्याचा खरारा करतो, कोणी रस्त्यावर खुणा आखतो. संचलन तासा-दीड तासात संपते; त्याची तयारी काही आठवडे चाललेली असते.

तोफेजवळच्या माणसाचेच उदाहरण घ्या. राष्ट्रगीत 52 सेकंदांचे. तेवढ्या वेळात 21 तोफा उडाल्या पाहिजेत. म्हणजे दोन बारांमध्ये अडीच सेकंदांहून किंचितच अधिक अंतर. एक बार चुकला, तर साऱ्या देशाला ऐकू जातो. सगळे बार नेमके झाले, तर कोणाच्या लक्षातही येत नाही. त्या तोफखान्याला ध्वज फडकताना डोळे भरून पाहायची सवड नसते. त्याचे डोळे घड्याळावर आणि कान हुकुमाकडे असतात. 2023 पासून या सलामीसाठी जुन्या विलायती पंचवीस-पौंडी तोफांच्या जागी भारतीय बनावटीच्या 105 मिलिमीटरच्या तोफा आल्या.

परंतु या तोफेपाशी भारतीय माणूस उभा आहे, ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. 1857 च्या उठावानंतर इंग्रजांनी ठरवूनच तोफा देशी शिपायाच्या हातून काढून घेतल्या. डोंगरी तोफखान्यासारखे थोडके अपवाद सोडले, तर बंदूक देशी हातात आणि तोफ गोऱ्या हातात, असा बंदोबस्त होता. भारतीय जवानांची पहिली मैदानी तोफखान्याची पलटण बंगळुरास उभी राहिली ती 1935 साली, म्हणजे पाऊणशे वर्षांहून अधिक काळ गेल्यावर. त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांनी आपल्या गणराज्याला आपल्याच हातांनी सलामी झाली.

दुसरी गोष्ट आपल्या शेजारच्या कामठीची. रामटेकहून नागपुरास जाणारी गाडी कामठीवरून जाते. कन्हानकाठची ही छावणी इंग्रजांनी 1821 मध्ये वसवली. कंपनीच्या काळात मुंबईच्या फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ त्याच फौजेत सुभेदार होते. पण 1892 च्या सुमारास महारांची भरतीच बंद झाली. पराक्रम आटला म्हणून नव्हे. ‘लढाऊ जाती’ नावाची एक कल्पना साहेबांच्या डोक्यात शिरली म्हणून! गोपाळबाबा वलंगकरांनी याविरुद्ध अर्जाचा मसुदा केला. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा 111 वी महार पलटण उभी केली, आणि गरज सरताच ती मोडली. दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर होते. त्यांनी हा प्रश्न धसास लावला. 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावास महार रेजिमेंट उभी राहिली, आणि तिची दुसरी पलटण उभारली गेली ती आपल्या कामठीत.

पुढे 26 जानेवारी 1950 रोजी जी राज्यघटना अमलात आली, तिच्या 17 व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नाहीशी केली. त्या दिवशी या रेजिमेंटचा एखादा जवान कोठल्याही छावणीत पहाऱ्यावर उभा असेल, तर त्याच्यासाठी तो उत्सव दुसऱ्या कोणाचा नव्हता. तो पडद्यामागे असला, तरी उत्सव त्याच्या घरचा होता.

तिसरी गोष्ट नागपूरची. 1923 साली सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यावरून तिरंगा घेऊन जाणे हा गुन्हा ठरला होता. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, वल्लभभाईंनी धुरा उचलली, गावोगावचे स्वयंसेवक रोज ध्वज घेऊन निघत आणि रोज पकडले जात. अखेर 18 ऑगस्टला मिरवणूक त्याच रस्त्याने गेली. त्या दिवसांत पगारी शिपाई ध्वज अडवायला उभा होता. आज त्याच नागपुरात शिपाई उभा राहतो तो ध्वज राखायला. गणवेश, शिस्त, हुकूम यांत बाहेरून फारसा फरक दिसणार नाही. फरक आहे तो तो कोणाच्या नावाने उभा आहे यात.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे, की न दिसणे दोन प्रकारचे असते. एक लादलेले: तुझ्या हाती तोफ नको, तुझे नाव हजेरीपटावर नको. दुसरे पत्करलेले: लग्नघरातला थोरला भाऊ पंगतीला शेवटी बसतो, तसे. पहिल्याने माणूस लहान होतो, दुसऱ्याने घर मोठे होते. आपल्या शिपायाचा गेल्या शतकातला प्रवास या पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंतचा आहे. 1949 मध्ये जनरल करिअप्पांनी जात आणि प्रांत न पाहता सर्व भारतीयांची गार्ड्स रेजिमेंट उभी केली. तिचे केंद्र आज कामठीतच आहे, हा योगायोग आम्हांला फार बोलका वाटतो.

मात्र पत्करलेले न दिसणेही आपण गृहीत धरू लागलो, तर ते पुन्हा लादलेलेच होईल. येत्या 26 जानेवारीला सलामीचा बार ऐकाल, तेव्हा ध्वजाला वंदन कराच. पण जो त्या वेळी घड्याळाकडे पाहत होता, त्याचीही क्षणभर आठवण ठेवा. आणि त्रिपूर पाहून गडाखाली परतताना वाटेत रिकामी भांडी घेऊन उतरणारा कोणी भेटला, तर त्याला आधी वाट द्या.