रोहिषाचे तेल, जिरॅनियमचे नाव

मेळघाटात आणि सातपुड्याच्या उतारांवर पावसाळ्याअखेर फुलणारे रोशा गवत आयुर्वेदाच्या निघंटूंना ‘रोहिष’ या नावाने परिचित आहे. त्याच्या सुगंधी तेलाचा इतिहास हा बव्हंशी चुकीच्या नावांचा इतिहास आहे.

एकोणिसाव्या शतकात खानदेश, निमाड आणि वऱ्हाडच्या जंगलांत ओढ्याकाठी भट्ट्या लागत. फुलावर आलेले गवत पाण्यात उकळून, वाफ बांबूच्या नळीतून थंड पाण्यात बुडवलेल्या भांड्यात नेली जाई आणि वर तरंगणारे तेल काढून घेतले जाई. मुंबई बंदरातून ते तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जाऊन गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. युरोपच्या बाजारात त्याचे नाव झाले ‘तुर्की जिरॅनियम तेल’. वस्तुतः ते तुर्कीही नव्हते आणि जिरॅनियमचेही नव्हते.

१८७१ साली ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने भारतातून आलेल्या अशा तेलातून एक अल्कोहोल प्रथमच शुद्ध रूपात वेगळे केले. बाजारातील नावावरून त्याला ‘जिरॅनिऑल’ म्हटले गेले. गुलाबाच्या तेलातही जिरॅनिऑल असतेच. भेसळ नाकाला सहजी का उमगत नसे, याचे उत्तर येथे मिळते. मात्र व्यापाऱ्यांची चूक शास्त्राच्या परिभाषेत कायमची रुजली.

वनस्पतिशास्त्रातील नावाचीही कथा अशीच. ‘सिम्बोपोगॉन मार्टिनाय’ हे नाव क्लॉड मार्टिन या कंपनी सरकारच्या फ्रेंच सेनाधिकाऱ्याचे स्मरण करते. टिपूविरुद्धच्या मोहिमेत त्याने बालाघाटच्या पठारावरून या गवताचे बी नेले होते. त्यावरून रॉक्सबर्गने हे नामकरण केले.

परंतु दोन देशी शब्द टिकले. या गवताचे ‘मोतिया’ आणि ‘सोफिया’ असे दोन प्रकार. दिसायला ते जवळजवळ सारखे. पण मोतियाच्या तेलात साधारणतः ७५ ते ९० टक्के जिरॅनिऑल असते, तर सोफियात ते पुष्कळच कमी, आणि वासही निराळा. वनस्पतितज्ज्ञांच्या डोळ्यांना न दिसणारा हा भेद भट्टीवाल्यांना वासावरून आणि गवत उगवण्याच्या जागेवरून ठाऊक होता: मोतिया कोरड्या, मोकळ्या उतारावरचा, सोफिया ओलसर सखल जागेतला. पुढे रासायनिक पृथक्करणाने तो खरा ठरवला आणि ते शब्द शास्त्राने जसेच्या तसे स्वीकारले.

परिभाषेचा इतिहास शिकवताना आपण कोशकारांची नावे सांगतो. त्या यादीत या अनाम भट्टीवाल्यांनाही जागा असावयास हवी.