फायबरग्लास नौकांची दुरुस्ती आणि रेझिनची निवड : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
नौकाबांधणीसाठी मानवाने हजारो वर्षे लाकडाचा आधार घेतला. विसाव्या शतकाच्या मध्यास काचतंतू व कृत्रिम राळ म्हणजेच रेझिन यांच्या संयोगाने ही परंपरा पालटली. तथापि बांधणीचे रेझिन हेच दुरुस्तीसही योग्य असते काय, हा प्रश्न पुढे उभा राहिला. प्रस्तुत लेखात त्याचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे.

पॉलिएस्टरचा उदय :
अमेरिकेत कार्लटन एलिस यांनी १९३० च्या दशकात असंतृप्त पॉलिएस्टर रेझिनवर पायाभूत संशोधन केले. १९४२ मध्ये ओहायो राज्यातील टोलेडो येथे रे ग्रीन यांनी पॉलिएस्टर व काचतंतू यांची होडी घडविली. हे रेझिन स्वस्त असल्याने दुसऱ्या महायुद्धानंतर ते सर्वत्र रूढ झाले. बांधणीच्या वेळी एक थर पुरता पक्व होण्यापूर्वीच दुसरा चढविला जातो. त्यामुळे थरांमध्ये रासायनिक बंध निर्माण होतो. दुरुस्तीच्या वेळी मात्र जुना थर केव्हाच पक्व झालेला असतो. तेथे नवे रेझिन केवळ चिकटण्याच्या बळावर टिकते आणि पॉलिएस्टर नेमके येथेच उणे पडते.

इपॉक्सीचा पर्याय :
इपॉक्सीच्या आरंभीच्या संशोधकांपैकी स्वित्झर्लंडचे पिएर कास्तां यांचा मूळ हेतू कृत्रिम दातांच्या कवळ्यांसाठी साहित्य शोधणे हा होता. मिशिगनमधील बे सिटी येथे १९६९ मध्ये व्यवसाय सुरू करणाऱ्या गूजन बंधूंनी लाकडी नौकांसाठी इपॉक्सीचा पद्धतशीर वापर रूढ केला. पुढे जुन्या पॉलिएस्टर नौकांच्या तळावर पाणी झिरपून फोड येऊ लागले, तेव्हा पाण्यास अधिक रोधक असणाऱ्या इपॉक्सीचे महत्त्व विशेष जाणवले. इपॉक्सी महाग असते, राळ व हार्डनर यांचे प्रमाण काटेकोर ठेवावे लागते आणि सूर्यप्रकाशापासून तिला जपावे लागते. शिवाय काचतंतूंच्या सामान्य मॅटमधील बंधक द्रव्य पॉलिएस्टरमधील स्टायरिनमध्ये विरघळते, इपॉक्सीत नाही. म्हणून इपॉक्सीसोबत विणलेले कापड वापरणे श्रेयस्कर ठरते.

निष्कर्ष :
जेलकोटवरील वरवरच्या ओरखड्यांस पॉलिएस्टर जेलकोट पुरेसा होतो. परंतु पाण्याखालील भाग वा भार पेलणारा सांधा यांसाठी इपॉक्सीच अधिक विश्वसनीय ठरते. भर समुद्रात ठिगळ निखळल्यास नाविकाच्या प्राणाशी गाठ असते. म्हणून केवळ किमतीवरून रेझिन निवडणे योग्य नव्हे, असेच हा इतिहास सुचवितो.