पुण्यांतील एका शाळेचा वर्षारंभ

महाराष्ट्रांतील कित्येक पिढ्यांच्या मनांत शाळेच्या नव्या वर्षाचें नातें पावसाशीं जडलेलें आहे. जून महिना, चिखलाच्या वाटा, नवीं कोरीं पुस्तकें आणि वरच्या वर्गांत जाऊन बसण्याचा अभिमान, असें तें चित्र असतें. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबई इलाख्यांतील इंग्रजी शाळांचें वर्ष जानेवारींत सुरू होत असे. मॅट्रिकची परीक्षा वर्षाच्या अखेरीस होई, आणि नव्या इंग्रजी सालाबरोबर ऐन थंडींत नवे वर्ग भरत. अशाच एका जानेवारींत, १८८० सालच्या दुसऱ्या तारखेस, शुक्रवारीं, पुण्याच्या बुधवार पेठेंतील मोरोबादादांच्या वाड्यांत मुलांच्या एका शाळेचा प्रारंभ झाला. तिचें नांव न्यू इंग्लिश स्कूल. त्या दिवशीं तिच्यापाशीं स्वतःची इमारत नव्हती, शिलकेंत द्रव्य नव्हतें आणि सरकारी मदतीचा आधारही नव्हता. होते ते दोन शिक्षक. एकाचें वय एकोणतीस, दुसऱ्याचें तेवीस.

शाळा काढण्यास तो काळ अनुकूल होता, असें कोणी म्हटलें नसतें. १८७६ ते १८७८ या वर्षांतील भयंकर दुष्काळानें दख्खन होरपळून निघालें होतें. १८७९ च्या मे महिन्यांत पुण्यांतील बुधवार वाडा आगींत नष्ट झाला आणि विश्रामबाग वाड्याचा दर्शनी भागही जळाला. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडानें सरकार साशंक झालें होतें, आणि त्या संशयाची झळ न्यायमूर्ति रानड्यांसारख्या विचारी पुरुषासही लागून त्यांची धुळ्यास बदली झाली. फडके यांना जन्मठेप होऊन एडनला रवाना करण्यांत आलें तेंही याच १८८० च्या जानेवारींत. हेच फडके कांहीं वर्षांपूर्वीं वामन प्रभाकर भावे यांच्यासमवेत पुण्यांत एक खाजगी शिक्षणसंस्था उभारण्यांत सहभागी झालेले होते. एकाच शहरांत, एकाच महिन्यांत, एक शिक्षक बंडाची शिक्षा भोगण्यास समुद्रापार चालला होता आणि दुसरे दोघे नव्या वर्गाचा हजेरीपट उघडून बसले होते. राज्य परक्यांचें, हें दुःख दोहोंकडे सारखेंच होतें. त्यावर शोधलेले मार्ग मात्र अगदीं भिन्न होते.

त्या दोघांपैकीं वडील ते विष्णुशास्त्री चिपळूणकर. कृष्णशास्त्र्यांचे हे चिरंजीव १८७४ पासून ‘निबंधमाला’ एकहातीं लिहीत होते आणि मराठी गद्याला त्यांनीं नवें तेज आणून दिलें होतें. पोटासाठीं ते सरकारी शाळेंत शिक्षक होते. पुण्याहून त्यांची रत्नागिरीच्या हायस्कुलांत बदली झाली. तेथें फार दिवस न राहतां १८७९ सालीं त्यांनीं राजीनामा दिला आणि स्वतःची शाळा काढण्याच्या निश्चयानें ते पुण्यास परत आले. सरकारी नोकरी म्हणजे जन्माची निश्चिंती, अशी ज्या समाजाची श्रद्धा होती, त्या समाजांत हें कृत्य धाडसाचें मानलें गेलें यांत नवल नाहीं.

धाकटे ते बाळ गंगाधर टिळक. डेक्कन कॉलेजांत असतां टिळक आणि त्यांचे सहाध्यायी गोपाळ गणेश आगरकर यांनीं पुढील आयुष्याविषयीं पुष्कळ खल केला होता. सरकारी नोकरी करावयाची नाहीं आणि जन्म शिक्षणाच्या कामीं वेंचावयाचा, हें दोघांचें ठरलें होतें. टिळकांच्या घरची स्थिति बरी होती. आगरकरांचें दारिद्र्य मात्र प्रसिद्धच आहे. कऱ्हाडजवळच्या टेंभू गांवच्या या मुलानें अनेक हालअपेष्टा सोसून विद्या मिळविली होती, आणि मुलगा मोठी परीक्षा देऊन मोठ्या पगारावर चढेल या आशेवर त्याची आई दिवस मोजीत होती. त्या आईला आगरकरांनीं पत्रानें कळविलें कीं, फार पैशाची आशा तिनें धरूं नये. पोटापुरतें मिळवून उरलेला वेळ आपण लोकांच्या हितासाठीं देणार आहों. शाळेच्या पायाचा खरा दगड कोणता, असें विचारलें तर या पत्राकडेच बोट दाखवावें लागेल. त्याग करणारा आपल्या इच्छेनें करतो. पण त्याच्या घरच्यांस तो न विचारतां करावा लागतो.

शाळेंत येण्याचें आरंभीं कबूल केलेल्यांपैकीं कांहींनीं ऐन वेळीं माघार घेतली. आगरकरांचा एम्.ए.चा अभ्यास अजून पुरा व्हावयाचा होता. त्यामुळें पहिल्या दिवशीं चिपळूणकर आणि टिळक एवढेच उभे राहिले. लौकरच महादेव बल्लाळ नामजोशी हे उद्योगी गृहस्थ येऊन मिळाले आणि मागोमाग वामन शिवराम आपटे हे संस्कृतचे तरुण पंडित आले. त्या वेळीं आपट्यांचें वय अवघें एकवीस होतें. पहिल्या वर्षीं टिळकांनीं पगार म्हणून कांहींच घेतलें नाहीं.

अशा शाळेंत आपला मुलगा घालणाऱ्या बापाचें धाडसही लहान नव्हतें. सरकारी हायस्कूल जवळच होतें. तेथील शिक्षक अनुभवी, तेथील नांव जुनें, आणि तेथून निघालेल्या मुलाचा कचेरीकडे जाणारा रस्ता सरळ. उलट ही शाळा दोन महिन्यांनीं राहील कीं नाहीं, याचीच शाश्वति नाहीं; आणि तिचा चालक तर सरकारी चाकरी लाथाडून आलेला. तरीही मुलें आलीं. वर्ष संपलें तेव्हां पटावरील संख्या तीनशेंच्या वर गेली होती आणि पांच वर्षांत ती हजाराच्या घरांत पोहोंचली. लोकांनीं विश्वास टाकला तो शिक्षकांवर. हे लोक शिकवितात चांगलें, आणि शिकविण्यावांचून त्यांना दुसरा स्वार्थ नाहीं, ही गोष्ट पुणेकरांस फार लौकर कळून आली.

वर्गांतील त्यांच्या तऱ्हा निरनिराळ्या होत्या. टिळकांचें गणित शिकविणें हुशार मुलांस मोहून टाकणारें आणि मंद मुलांस घाबरविणारें असे. उदाहरण तोंडींच सोडवून उत्तरावर येण्याचा त्यांचा परिपाठ, मधल्या पायऱ्या फळ्यावर मांडण्याचा त्यांना कंटाळा. आपट्यांची शिस्त कडक. शाळेचा दैनंदिन कारभार त्यांनींच नेटका केला आणि संस्कृतच्या अध्यापनाला असें वळण लावलें कीं, मॅट्रिकला संस्कृतसाठीं मिळणाऱ्या जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्त्या या नव्या शाळेचे विद्यार्थी मिळवूं लागले. त्यांचें संस्कृत रचनेवरील पुस्तक १८८१ सालीं निघालें आणि संस्कृत-इंग्रजी कोश १८९० सालीं. हे दोन्ही ग्रंथ पुढें शंभरांहून अधिक वर्षें विद्यार्थ्यांच्या हातीं राहिले.

१८८१ चा जानेवारी उजाडला आणि एम्.ए. होऊन आगरकर शाळेंत दाखल झाले. शाळेचें दुसरें वर्ष सुरू होत असतांनाच २ जानेवारीस ‘मराठा’ आणि ४ जानेवारीस ‘केसरी’ अशीं दोन वृत्तपत्रें या मंडळींनीं काढलीं. एक इंग्रजी, एक मराठी. दिवसा वर्ग घ्यावे आणि मग छापखान्याकडे वळावें, असा क्रम सुरू झाला. मुलांना शाळेंत शिकवावें आणि वडिलांना वर्तमानपत्रांतून, हा त्यामागील हेतु उघडच होता. पण त्यांत एक धोका होता. पत्राच्या लेखणीचें प्रायश्चित्त शाळेला भोगावें लागण्याचा संभव होता, आणि तसें होण्यास फार अवकाश लागला नाहीं.

१८८२ चें साल या शाळेस कसोटीचें गेलें. १७ मार्च रोजीं विष्णुशास्त्री अकस्मात् वारले. बत्तिसावें वर्षही त्यांनीं पुरें केलें नव्हतें. त्या दुःखांतून शाळा सावरते न सावरते तोंच कोल्हापूरच्या प्रकरणाचा निकाल लागला. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होत असल्याबद्दल तेथील कारभारी बर्वे यांच्यावर आरोप करणारा मजकूर दोन्ही पत्रांनीं छापला होता. ज्या पत्रांवर भिस्त ठेविली तीं बनावट ठरलीं, आणि जुलै महिन्यांत टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगांत त्यांनीं एकशेंएक दिवस काढले. त्या दिवसांची हकीकत आगरकरांनीं पुढें स्वतः लिहून ठेविली आहे.

संस्थापक स्वर्गवासी, दोन प्रमुख शिक्षक तुरुंगांत, अशा स्थितींत एखाद्या शाळेचीं दारें बंद झालीं असतीं. येथें वर्ग चालूं राहिले. आपटे, नामजोशी, वासुदेव बाळकृष्ण केळकर आणि इतर सहकारी यांनीं ते चालविले. ऑक्टोबरच्या अखेरीस दोघे सुटून आले तेव्हां लोकांनीं त्यांचें मोठ्या थाटानें स्वागत केलें. परंतु शाळेच्या दृष्टीनें खरा निकाल पुढच्या जानेवारींत लागावयाचा होता. तुरुंगांत जाऊन आलेल्या शिक्षकांच्या हातीं बाप आपलीं मुलें देतील काय? १८८३ चें नवें वर्ष सुरू झालें आणि पटावरील आंकडा घटण्याऐवजीं वाढला. पुणेकरांनीं आपला कौल दिला होता.

त्याच १८८२ सालीं विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण-आयोग हिंदुस्थानभर फिरत होता. हंटर यांनीं न्यू इंग्लिश स्कूलची वाखाणणी केली, आणि ती शाळेच्या इतिहासांत अभिमानानें सांगितली जाते. परंतु त्याच आयोगापुढें पुण्याच्याच एका नागरिकानें मांडलेलें निवेदन त्याबरोबर सांगितल्याखेरीज ही हकीकत पुरी होत नाहीं. ते नागरिक म्हणजे जोतीराव फुले. शेतकऱ्याच्या घामांतून सरकारचा महसूल जमतो. मग शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरच्या वर्गांनाच कां व्हावा, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, अशी त्यांची मागणी होती. फुल्यांनीं १८४८ सालीं मुलींची शाळा काढली ती भिडे वाड्यांत. म्हणजे बुधवार पेठेंतच. न्यू इंग्लिश स्कूल सरकारी पैशावर उभी नव्हती हें खरें. परंतु तिच्या बाकांवर बसणारे मुलगे बहुतेक ब्राह्मण घरांतील होते, आणि मुलींना तर तेथें जागाच नव्हती. राष्ट्राला शिकवूं निघालेल्या शाळेपुढें राष्ट्र म्हणजे कोण, हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनच उभा होता. त्याचें उत्तर देण्यास महाराष्ट्राला पुढें कित्येक दशकें लागलीं.

१८८४ च्या २४ ऑक्टोबर रोजीं डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि १८८५ च्या २ जानेवारीस, शाळेच्याच वाढदिवशीं, फर्ग्युसन कॉलेज सुरू झालें. ज्या मंडळींनीं सरकारी चाकरी नाकारली, त्यांच्या कॉलेजास गव्हर्नरचें नांव मिळालें आणि त्याच गव्हर्नरनें बाराशें रुपयांची देणगी दिली. याला कोणी तडजोड म्हटलें, कोणी व्यवहार. त्याच वर्षीं शाळेंत अठरा वर्षांचा एक पदवीधर मासिक पस्तीस रुपयांवर शिक्षक म्हणून आला. त्याचें नांव गोपाळ कृष्ण गोखले. गोखल्यांनीं लिहिलेलें अंकगणिताचें पुस्तक पुढें शाळाशाळांतून चाललें.

संस्थेच्या आजीव सभासदांनीं वीस वर्षें अल्प वेतनावर सेवा करावी, असें व्रत होतें. दारिद्र्याच्या दिवसांत ज्या व्रतानें माणसें एकत्र बांधलीं गेलीं, त्याच व्रताच्या अर्थावरून ऐश्वर्याच्या दिवसांत त्यांच्यांत फूट पडली. सभासदानें संस्थेबाहेरचें कोणतेंही काम करून पैसा मिळवूं नये, आपलें सर्व सामर्थ्य संस्थेलाच द्यावें, हा टिळकांचा आग्रह. काळाबरोबर गरजा वाढतात, बाहेरच्या सार्वजनिक कामांनाही माणसें लागतात, असें इतरांचें म्हणणें. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर टिळक आणि आगरकर हे जिवलग मित्र आधींच दुरावले होते. १८९० च्या अखेरीस टिळकांनीं राजीनामा दिला. अकरा वर्षांपूर्वीं ज्यानें पहिला वर्ग घेतला, त्याच्यावांचून १८९१ च्या जानेवारींत शाळा भरली.

पुढच्या वर्षीं, १८९२ च्या ऑगस्टमध्यें, आपटे वारले. त्यांच्यामागून आगरकर कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले आणि १८९५ च्या जूनमध्यें तेही गेले. वय अवघें अडतीस. १८९६ सालीं नामजोशी निवर्तले. पहिल्या मंडळींपैकीं टिळक तेवढे दीर्घकाळ जगले, पण त्यांचें कार्यक्षेत्र आतां निराळें होतें. सोळा वर्षांच्या आंत शाळेचे जवळजवळ सर्व आद्य शिक्षक तिच्यापासून दूर झाले, कोणी मृत्यूनें, कोणी मतभेदानें. शाळा मात्र दरसालीं नेमानें उघडत राहिली. कालांतरानें वर्षारंभ जानेवारींतून जूनमध्यें गेला, शाळा बुधवार पेठ सोडून रमणबागेंत आणि पुढें टिळक रोडवरही उभी राहिली. नांव तेंच राहिलें.

मोरोबादादांच्या वाड्यांत त्या शुक्रवारीं बसलेल्या मुलांस यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें. त्यांच्यापुढें नवीं पुस्तकें होतीं, नवे सोबती होते आणि नवे मास्तर रागीट आहेत कीं मायाळू, एवढीच चिंता होती. मास्तरांनीं कोणती नोकरी सोडली, कोणत्या आईची आशा मोडली, याचा हिशेब मुलगा ठेवीत नाहीं, आणि त्यानें ठेवूंही नये. तो पुढच्या वर्गांत जातो आणि त्याची जागा दुसरा घेतो. शिक्षकाचेंही तसेंच आहे. १८८० सालीं ज्यांनीं ती शाळा उघडली त्यांचें मोठें यश हेंच कीं, त्यांच्यावांचून ती पुन्हां उघडूं शकली.