थांबलेल्यांचा हिशेब



साथीचा विषय निघाला की आपल्यापैकी बहुतेकांना आधी १८९७ चं पुणं आठवतं. रँड, चापेकर बंधू, घराघरात शिरणारे गोरे सोजीर. त्यानंतर कुणाला आजीने सांगितलेली १९१८ ची मानमोडी आठवते. या सगळ्या आठवणींत आपण मोजतो ते साथीने गेलेले लोक. आज मला दुसऱ्या लोकांबद्दल लिहायचंय. ज्यांना साथीचा रोग झालाच नव्हता, वेगळंच काहीतरी झालं होतं, पण साथ चालू होती म्हणून ज्यांचे उपचार थांबले. लिहायला एक घरगुती कारण आहे, ते ओघात येईलच.

सुरुवात आपल्याच मुंबईपासून करू. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढे सरकारने संशयित रुग्णांना उचलून इस्पितळात नेण्याचा सपाटा लावला. लोकांच्या मनात इस्पितळ म्हणजे जिथून माणूस परत येत नाही ती जागा. ऑक्टोबर १८९६ अखेर सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला तो याच धास्तीतून. लोक आजारी माणसाला माळ्यावर, कपाटामागे, नातेवाइकांकडे लपवू लागले. आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा), ताप प्लेगचा की हिवतापाचा हे घरच्यांना कसं कळणार? म्हणजे लपवायचा तो कुठलाही ताप. प्लेगने किती गेले याचे आकडे सरकारी अहवालांत सापडतात. प्लेगच्या भीतीने साधं औषधही न घेता किती गेले, याचा रकानाच कुणी आखला नव्हता.

तो रकाना पुढे सव्वाशे वर्षं रिकामाच राहिला असं म्हणायला हरकत नाही.

आता थेट २००३ साल. नोकरीनिमित्त मी तेव्हा टोरांटोजवळ मिसिसागाला होतो. त्या वसंतात तिथे सार्स आला. २६ मार्च २००३ ला ऑन्टारियो प्रांताने आणीबाणी जाहीर केली आणि टोरांटो परिसरातल्या सगळ्या इस्पितळांना आदेश गेला की तातडीचं सोडून बाकी कामं बंद. दारात मास्क लावलेला माणूस, कपाळाला थर्मामीटर, भेटायला येणाऱ्यांना बंदी. एका प्रगत देशाने साथीसाठी अख्ख्या महानगराची ठरलेली ऑपरेशनं एका फटक्यात थांबवली, असं मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.

त्या थांबलेल्यांत अस्मादिकांचा डावा गुडघाही होता. एप्रिलमधली तारीख मिळाली होती, ती फोनवरून रद्द झाली. 'पुन्हा कळवू' म्हणाले. कॅनडात सार्सने ४४ माणसं गेली. जगभरात आठ हजारांवर रुग्ण आणि ७७४ मृत्यू. जुलैच्या पहिल्या आठवड्यात जागतिक आरोग्य संघटनेने साथ आटोक्यात आल्याचं जाहीर केलं. माझा गुडघा ऑक्टोबरात दुरुस्त झाला. सहा महिने लंगडलो, बायकोकडून चहा हातात मिळाला, संपलं. मी त्यातून एक धडा शिकलो: थांबलं म्हणून काही बिघडत नाही. धडा चुकीचा होता. गुडघा थांबू शकतो. सगळे आजार गुडघ्यासारखे नसतात, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही.

शिरायला हवं होतं ते २०१४ मध्ये. पश्चिम आफ्रिकेत गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन देशांत इबोला पसरला. २०१६ पर्यंत सुमारे २८,६०० रुग्ण, ११,३०० मृत्यू. आरोग्य सेवेतलीच पाचशेवर माणसं गेली. मुळातच डॉक्टर मोजके, त्यातले बरेच गेले, दवाखाने बंद पडले, आणि जे उघडे होते तिथे जायची लोकांना भीती. इबोलाची सुरुवात तापाने होते, हिवतापाचीही तापानेच. त्यामुळे ताप आलेल्या पोराला घेऊन आई दवाखान्याकडे फिरकेना. १८९६ च्या मुंबईचीच गोष्ट, फक्त खंड वेगळा. मात्र या वेळी कुणीतरी रिकामा रकाना भरायला घेतला. दवाखान्यात येणारे निम्म्याने कमी झाले असं धरून संशोधकांनी हिशेब मांडला, तर हिवताप, क्षय आणि एचआयव्ही यांनी मिळून सुमारे १०,६०० जादा मृत्यू निघाले. म्हणजे इबोलाने नेले जवळपास तेवढेच लोक इबोलामुळे बंद झालेल्या दारांनी नेले.

हे सगळं छापून आलं होतं. पण आफ्रिकेतल्या गोष्टी आपण वाचतो आणि पान उलटतो. मीही उलटलं.

२०२० साल उजाडलं तेव्हा मी इंग्लंडात लीड्सला होतो (अजूनही आहे). १७ मार्चला एनएचएसच्या वरिष्ठांचं इस्पितळांना पत्र गेलं: तातडीची नसलेली सगळी ऑपरेशनं १५ एप्रिलपर्यंत थांबवा, किमान तीन महिने, आणि ३०,००० खाटा मोकळ्या करा. त्याच पत्रात असंही होतं की कॅन्सरचे आणि इतर तातडीचे उपचार चालूच ठेवायचे. हे वाक्य महत्त्वाचं आहे. कागदावर कॅन्सरचं दार बंद झालं नव्हतं.

पण लोकांच्या कानावर काय पडत होतं? घरी राहा, एनएचएस वाचवा, जीव वाचवा. दर गुरुवारी रात्री आठला दारात उभं राहून टाळ्या. अशा वातावरणात 'माझ्या पोटात जरा दुखतंय' म्हणून जीपीला फोन करायला कुणाचं मन धजणार? एप्रिल २०२० मध्ये एनएचएसनेच सांगितलं की दहातल्या चार जणांना आपला भार होईल या विचाराने डॉक्टरकडे जायचा संकोच वाटतोय. संशयित कॅन्सरच्या तातडीच्या तपासणीसाठी जीपींनी एप्रिल २०१९ मध्ये जवळजवळ दोन लाख लोकांना पाठवलं होतं. एप्रिल २०२० मध्ये ऐंशी हजारांच्या आतच. कॅन्सर काही साठ टक्के कमी झाला नव्हता, माणसं घरी बसली होती. इस्पितळाने बाहेरून कुलूप लावलं नव्हतं, लोकांनीच आतून कडी घातली होती.

पुढचं तुम्ही पेपरात वाचलंच आहे. इंग्लंडमध्ये वर्षापेक्षा जास्त थांबलेल्यांच्या नोंदी साथीच्या आधी सोळाशेच्या आसपास होत्या. मार्च २०२१ मध्ये त्या ४ लाख ३६ हजार झाल्या. एकूण यादी साथीआधी पंचेचाळीस लाखांच्या घरात होती, ती सप्टेंबर २०२३ मध्ये ७७ लाखांवर गेली. सगळा दोष साथीला देणं बरोबर नाही. यादी आधीपासूनच वाढत होती, आणि पुढे संपही झाले. पण साथीने धरण फोडलं हे खरं. निदान लांबल्यामुळे स्तन, आतडी, फुप्फुस आणि अन्ननलिका या चारच कॅन्सरांनी पाच वर्षांत इंग्लंडमध्ये तीन हजारांवर जादा मृत्यू होतील, असा अंदाज २०२० मध्येच मांडला गेला होता.

भारतात २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी. गाड्या बंद, एसट्या बंद, जिल्ह्याबाहेर जायला पास. देशातल्या ४१ कॅन्सर केंद्रांचे मार्च ते मेचे आकडे आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून पाहिले, तर नवे रुग्ण ५४ टक्क्यांनी आणि मोठ्या शस्त्रक्रिया ४९ टक्क्यांनी कमी भरल्या. क्षयाच्या नोंदी २०१९ मधल्या २४ लाखांवरून २०२० मध्ये सुमारे १८ लाखांवर आल्या. सहा लाख लोकांचा क्षय पळून गेला नव्हता. ते घरात खोकत होते, आणि खोकला कुणाला सांगायची चोरी होती. त्याच वर्षी जगातले क्षयाचे मृत्यू दशकाहून अधिक काळानंतर पहिल्यांदा वाढले.

आता घरगुती कारण.

एप्रिल २०२० मधला रविवार, साताऱ्याला आईला फोन. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "अरे, काखेजवळ एक गाठ लागतेय हाताला."

मी विचारलं, "दुखते का?"

"छे, दुखत नाही मुळीच."

"मग थांब. आत्ता हॉस्पिटलात पाऊलसुद्धा टाकू नकोस. जून उजाडू दे."

न दुखणारी गाठ म्हणजे निर्धोक, हा माझा इंजिनियरी शोध. वहिनी म्हणत होती, मी रिक्षाने नेऊन दाखवून आणते, तासाभराचं काम आहे. मीच नको म्हटलं. मी इंग्लंडात बसून रोज संध्याकाळी आकडे बघत होतो ना! आणि घरात परदेशातल्या मुलाच्या शब्दाला उगाचच वजन असतं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

जून उजाडला, पण मी पुन्हा विचारलं नाही. आईनेही विषय काढला नाही. जिल्ह्याबाहेर जायचा ई-पास रद्द झाला तोवर सप्टेंबर आला होता. ऑक्टोबरात पुण्याला बायॉप्सी झाली. मग केमो, ऑपरेशन, पुन्हा केमो. २०२२ च्या श्रावणात ती गेली.

सहा महिने आधी दाखवलं असतं तर ती वाचली असती का? डॉक्टरांनी सांगितलं, एका माणसाबद्दल असं ठामपणे बोलता येत नाही. ऑपरेशनला चार आठवडे उशीर झाला की मृत्यूचा धोका सहा ते आठ टक्क्यांनी वाढतो असा एक अभ्यास २०२० च्या नोव्हेंबरात आला होता, पण ती सरासरी झाली. सरासरीत आई सापडत नाही. आई यावरून मला कधी एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं कधी कधी वाटतं. कोविडच्या कुठल्याही आकड्यात तिचं नाव नाही, आणि नियमाने नसायलाच हवं.

असो. आता ज्यासाठी हा प्रपंच मांडला ते.

'थांबवायला नको होतं' असं मी म्हणत नाहीये. मार्च २०२० मध्ये कुणालाच पुढचं दिसत नव्हतं, आणि भरलेल्या वॉर्डात गुडघ्याच्या रुग्णाला झोपवणं हा वेडेपणा ठरला असता. पण थांबवणं आणि निवडून थांबवणं यात फरक आहे, आणि तो कसा करायचा याचं उदाहरण आपल्याच परळमध्ये आहे. टाटा मेमोरियलने टाळेबंदीतही काम बंद न करण्याचं ठरवलं. २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात तिथे कॅन्सरच्या ४९४ ठरलेल्या शस्त्रक्रिया झाल्या. रुग्ण निवडून घेतले, बहुतेक साठीच्या आतले. ऑपरेशननंतर सहा जणांना कोविड निघाला. शस्त्रक्रियेनंतर मृत्यू एकही नाही. मुंबईत कोविड टिपेला जात असताना हे घडत होतं. कोविडने मरण्याचा धोका आणि कॅन्सर वाढण्याचा धोका या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच तराजूत घातल्या. मी एकच पारडं बघत होतो.

'थांबा' हाही एक उपचार आहे, आणि प्रत्येक उपचाराप्रमाणे त्याचेही दुष्परिणाम असतात, हे मला या सगळ्या इतिहासातून कळलं. गोळी लिहून देणारा डॉक्टर किती दिवस घ्यायची ते सांगतो आणि पुन्हा बोलावतो. तसंच थांबायला सांगणाऱ्याने कधीपर्यंत थांबायचं ते सांगितलं पाहिजे, आणि त्या दिवशी स्वतःहून विचारलं पाहिजे. सरकारने यादी ठेवावी, इस्पितळाने तारीख द्यावी, हे तर झालंच. पण आपण परदेशात बसून आईवडलांना फोनवर सल्ले देणारी माणसंही या साखळीतली एक कडी आहोत. साथ नसतानाही आपण 'दिवाळीत मी येतो तेव्हा बघू' म्हणतोच की!

तेव्हा मंडळी, पुन्हा कधी घरच्या कुणाला 'थोडं थांब' म्हणाल, तर फोन ठेवायच्या आधी कॅलेंडरवर तारीख टाका. मी 'जून उजाडू दे' म्हणालो होतो, जूनमधली तारीख लिहून ठेवली नव्हती.

तुमच्याकडेही अशी थांबलेली माणसं असतील. जमेल तसं लिहा. तो रकाना कुणीतरी भरायला हवा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
(उशिरा शहाणा) लीड्सकर