पहिल्या बातमीतलं ‘कारण’ : सुपे ते पारगाव

पोस्ट मोठी आहे, पण आपल्याच भागातली आहे. सवडीनं वाचा.

जानेवारी 2023. दौंड तालुक्यात पारगावजवळ भीमेच्या पात्रात मृतदेह सापडायला लागले. 18 तारखेपासून काही दिवसांत दोन पुरुष आणि दोन बायका, आणि 24 तारखेला तीन लहान मुलं. एकाच कुटुंबातले सात जण. मोठ्यांचे मृतदेह सापडल्यावर बातम्या आल्या त्या सामूहिक आत्महत्येच्या, आणि सोबत कारणही आलं. घरातल्या मुलाचं प्रेमप्रकरण, त्यातून झालेली बदनामी, ती सहन न झाल्यानं सगळ्यांनी जीव दिला. कासुर्डीच्या टोलनाक्यापासून चौफुल्यापर्यंत कुठल्याही चहाच्या टपरीवर थांबा, हेच ऐकू यायचं. ‘पोरानं घर बुडवलं.’ ‘लेकरांना तरी ठेवायचं होतं मागं.’

पाठोपाठ पोलिसांनी सांगितलं की ही आत्महत्या नाही, खून आहे. मृतांच्या नात्यातल्याच लोकांना अटक झाली. पोलिसांचं म्हणणं असं की, काही महिन्यांपूर्वी संशयितांच्या घरातल्या एका तरुणाचा मृत्यू झाला होता आणि त्याचा राग या कुटुंबावर निघाला.

म्हणजे बघा, ज्यांना मारून नदीत टाकल्याचं पोलीस सांगतात, त्यांनाच आपण आधी लेकरांसकट नदीत उडी घेणारे ठरवून बसलो होतो. दुसरी बातमी मोठी आली, टीव्हीवरही गाजली. तरी आजही विषय निघाला की ‘ते आत्महत्येवालं ना?’ असं विचारणारी माणसं मला भेटतात. पहिल्यांदा कानावर पडलेलं कारण डोक्यातून जात नाही.

हे नेमकं होतं कसं, ते बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून सांगतो. तालुक्याचा वार्ताहर घटनास्थळी पोचतो तेव्हा त्याच्याकडे तीनच गोष्टी असतात. पोलीस ठाण्यातून कळलेलं, जमलेल्या गर्दीतून ऐकलेलं आणि मोबाईलवर काढलेला फोटो. संध्याकाळी ठरलेल्या वेळेच्या आत बातमी पाठवायची असते. डेस्कवरून फोन येतो, ‘कारण काय?’ पोलीस म्हणतात, प्राथमिक अंदाज असा असा आहे. वार्ताहर बातमीत ‘प्राथमिक अंदाज’ लिहितो. मथळा करताना त्यातला ‘प्राथमिक’ गळतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर येईपर्यंत ‘अंदाज’ही गळतो. उरतं ते फक्त कारण. यात कुणी मुद्दाम खोटं बोललेलं नसतं, पण मेलेल्या माणसाच्या नावावर एक गोष्ट कायमची चिकटलेली असते. आणि तो काही खुलासा करायला येऊ शकत नाही.

आता कुणी म्हणेल, हे सगळं मोबाईल आल्यापासून सुरू झालं. तसं नाही. आपल्याच मुलखातला दीडशे वर्षांपूर्वीचा दाखला आहे.

12 मे 1875. सुपे. आज हे गाव बारामती तालुक्यात आहे, तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं. मोठी बाजारपेठ, सावकारांची दुकानं. त्या दिवशी आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि सावकारांकडे खतावण्या नि कर्जरोखे मागू लागले. रोखे जाळले, धान्याची दुकानं लुटली, काही ठिकाणी घरंही पेटली. तिथून हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून जास्त गावांत गेलं. दोन्ही जिल्ह्यांत मिळून 951 लोकांना अटक झाली, त्यातल्या 501 जणांना शिक्षा झाली.

सरकारदप्तरी याचं नाव पडलं ‘दख्खनचे दंगे’. शाळेच्या पुस्तकात आपण तेच शिकलो. आता दंगा म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? मारामारी, रक्त, मुडदे. पण सरकारनं नेमलेल्या चौकशी आयोगानंच नोंदवलं की लोकांचा रोख कागदांवर होता. सावकारानं रोखे मुकाट्यानं काढून दिले तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला कुणी हात लावला नाही. जिथं त्यानं नकार दिला तिथं जोरजबरदस्ती झाली. सावकार घाबरले, त्यांचं नुकसान झालं, हे खरंच आहे. पण ‘दंगा’ या एका शब्दात ही सगळी तपशिलाची बाजू बुडाली. 1857 ला उणीपुरी अठरा वर्षं झाली होती. साहेबाला प्रत्येक जमावात बंडच दिसायचं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे कारण कुणी ठरवलं? आयोगानं मुख्य बोट दाखवलं ते सावकाराकडे. सरकारचा सारा हे काही उठावाचं कारण नाही, असा त्याचा सूर होता. सावकार लुबाडत होताच, त्यात वाद नाही. कर्जाची मुदत कायद्यानं तीन वर्षांवर आली, तर त्यानं दर तीन वर्षांनी नवा रोखा करून घ्यायला आणि थकलेलं व्याज मुद्दलात घालायला सुरुवात केली. पण गोष्ट तेवढीच नव्हती. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस बंद झाला, इकडच्या कापसाला भाव आला, कर्ज सढळ हातानं मिळू लागलं. युद्ध संपलं, भाव कोसळले, कर्जाचा हात आखडला. आणि त्याच सुमाराला फेरआकारणीत सारा वाढला, कुठं कुठं 50 ते 100 टक्क्यांपर्यंत. ज्या सरकारनं सारा वाढवला त्याच्याच आयोगानं कारण लिहिलं. मग आणखी काय निघणार होतं?

त्या वेळी छापखाने नव्हते का? होते. पुण्यात ‘ज्ञानप्रकाश’ 1849 पासून निघत होता, मुंबईत ‘इंदुप्रकाश’ होता. पण सुप्याच्या कुणब्याचं स्वतःचं पत्र नव्हतं. सत्यशोधक कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ काढला 1877 मध्ये, म्हणजे उठावानंतर दीड वर्षानं. ‘केसरी’ आला 1881 ला. जोतीरावांनी शेतकऱ्याची बाजू ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मांडली, पण त्यालाही 1883 उजाडलं. तोवर ‘दंगे’ हे नाव पक्कं झालं होतं. 1879 ला शेतकऱ्यांच्या कर्जासाठी कायदा झाला हे खरं, पण तोही सावकाराला दोषी धरूनच. साऱ्याचा प्रश्न बाजूलाच राहिला. कारण चुकलं की उपायही अर्धाच होतो, हे इथं लक्षात घ्या.

आता 2006 वर येऊ. भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका, खैरलांजी. 29 सप्टेंबरला भोतमांगे कुटुंबातल्या आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांना गावातल्या जमावानं ठार मारलं. वडील भैयालाल तेवढे वाचले. या दलित कुटुंबाच्या हत्याकांडाच्या सुरुवातीच्या स्थानिक बातम्यांमध्ये काय होतं? अनैतिक संबंधातून घडलेला प्रकार. या एका कारणानं मेलेल्या बाईची अब्रू गेली, आणि बाकीच्या महाराष्ट्रानं ‘त्यांचं घरगुती असेल’ म्हणून पान उलटलं. जमीन, रस्ता, जात, पोलिसांकडे केलेल्या तक्रारी, यातलं काही त्या चार ओळींत नव्हतं. मोठ्या वृत्तपत्रांना आणि चॅनेलना जाग यायला महिनाभर लागला. तेही भंडारा-नागपूरकडचे लोक रस्त्यावर उतरल्यावर.

त्याच वर्षी 30 नोव्हेंबरला, कानपूरला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यानंतर महाराष्ट्रात उद्रेक झाला आणि उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीनचे डबे जाळले गेले. ती बातमी देशभर पोचायला एक तासही लागला नाही. गाडी जाळणं चूकच होतं. पण चार माणसांच्या खुनाला महिना आणि रेल्वेच्या डब्यांना तास, हा हिशेब आपण कधी मांडणार? ज्यानं दोन्ही बातम्या फक्त टीव्हीवर पाहिल्या, त्याच्या लेखी हिंसा करणारे कोण ठरले, ते वेगळं सांगायला नको.

पुढं खटला चालला. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयानं सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. 2010 मध्ये नागपूर खंडपीठानं फाशी रद्द करून 25 वर्षांचा कारावास केला. हा जातीय अत्याचार मानायचा की सूड, हा वाद तेव्हाही होता, आजही आहे. पण पहिल्या बातम्यांत तर तो प्रश्न विचारलाच गेला नव्हता.

आता पुन्हा आपल्या दारात या. 1 ऑगस्ट 2025, यवत. कासुर्डीच्या शेजारचं गाव. आठवडाभरापूर्वी छत्रपतींच्या पुतळ्याची विटंबना झाल्यानं वातावरण आधीच तापलेलं. त्यात सोशल मीडियावरची एक पोस्ट आली. दगडफेक, जाळपोळ झाली, पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला, जमावबंदी लागली. सुप्याच्या वेळी घटना आधी घडायची आणि तिचं कारण सरकार महिन्यांनी लिहायचं. खैरलांजीला कारण सुरुवातीच्या बातम्यांतच आलं. यवतला तर मोबाईलवर कारण आधी फिरलं आणि घटना त्याच्यामागून आली. कोरेगाव भीमाचंही आठवा. 1 जानेवारी 2018 च्या हिंसाचाराची चौकशी करायला नेमलेल्या आयोगाचं काम वर्षानुवर्षं चाललं, पण आपल्या ग्रुपवरचे दोन्ही बाजूंचे निकाल दोन दिवसांत लागले होते.

आमच्या धंद्यात नियम नाहीत असं नाही. जातीय तणावाच्या बातम्या कशा द्यायच्या, याचे प्रेस कौन्सिलचे संकेत आहेत. आत्महत्येच्या बातमीत एकच सोपं कारण चिकटवू नका, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि 2019 ला प्रेस कौन्सिलनं त्याच धर्तीवर सूचना काढल्या. पण ही पत्रकं तालुक्याच्या वार्ताहरापर्यंत पोचत नाहीत. पोचतं ते जाहिरातीचं टार्गेट.

म्हणून माझं म्हणणं फार साधं आहे. पहिल्या दिवशी काय झालं, कुठं झालं, किती जण गेले, कोण काय म्हणालं, एवढंच लिहावं. ‘का’ लिहायचं असेल तर ते कुणाचं म्हणणं आहे ते त्याच वाक्यात लिहावं, मथळ्यातसुद्धा. मेलेल्याच्या चारित्र्याबद्दल गर्दीत ऐकलेलं वाक्य छापू नये. आणि तपासात कारण बदललं तर नवी बातमी जुनीच्या जागेवर, तेवढ्याच आकारात यावी. यानं एखाद्या पोर्टलचे व्ह्यूज कमी होतील, पण कुणाचं काही मोडणार नाही.

वाचणाऱ्यांनाही एक विनंती. रात्री अकराला ग्रुपवर ‘कारण समजलं’ असा मेसेज आला, की पुढं ढकलण्याआधी एवढंच विचारा, हे कोण म्हणतंय? पोलीस, शेजारी, की ज्याच्यावर संशय आहे तोच? उत्तर नसेल तर सकाळपर्यंत थांबा. पारगावच्या त्या तीन लेकरांबद्दल आपण चहा पिता पिता काय काय बोललो होतो, ते एकदा आठवून बघा.

सुप्याचे रोखे जळून दीडशे वर्षं झाली, तरी आपण त्याला अजून दंगेच म्हणतो. पुढची पिढी आपल्या काळातल्या मेलेल्यांना काय म्हणेल, ते आज कोण काय लिहितो आणि कोण काय फॉरवर्ड करतो त्यावर ठरतंय.