पाण्यावरची साय

पीएच.डी.ची ती वर्षं आठवली की आधी उकाडा आठवतो. पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत मे महिन्यातही पंखा लावायची सोय नव्हती. टेफ्लॉनच्या उथळ थाळीत काठोकाठ पाणी आणि त्यावर मेदाम्लाची एकाच रेणूच्या जाडीची साय. झुळूक लागली की ती सुरकुतायची. चांदीचा मुलामा दिलेली काच त्या सायीतून हळूहळू खाली न्यायची आणि तशीच वर आणायची. एका फेरीत दोन थर चढायचे, प्रत्येक साधारण 2.7 नॅनोमीटरचा. एकदा पन्नासाव्या थराच्या आसपास फोन वाजला, मोजणी चुकली आणि तीन दिवसांची मेहनत बेसिनमध्ये गेली.

हा उद्योग मूळचा कार्ल ड्रेक्सहागे यांचा. 1960च्या दशकात जर्मनीत, मारबुर्गला, हान्स कून यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी अशाच थरांच्या माथ्यावर युरोपियमचं संयुग बसवलं. अतिनील प्रकाशात ते लाल उजळतं आणि प्रकाश बंद केल्यावरही मिलिसेकंदभर रेंगाळतं. हे रेंगाळणं म्हणजे रेणूचा स्वभाव, असं वाटणं साहजिक होतं. पण आरशापासूनचं अंतर थराथराने वाढवत नेलं, तर हा काळ कधी कमी, कधी जास्त होत गेला. रेणूचाच प्रकाश आरशावरून परत येतो आणि त्याला गाठतो. झोक्यावर बसून पाय जमिनीला कोणत्या क्षणी लावता, त्यावर झोका लवकर थांबतो की चालू राहतो, तसंच हे. लाल प्रकाशाची तरंगलांबी 612 नॅनोमीटर, म्हणजे मेदाच्या थरांत हा चढउतार दर 200 नॅनोमीटरला पुन्हा येणार. त्याला थर लागतात 75! माझा तो फोन मला अजून का बोचतो, ते यावरून कळेल.

आरशाच्या अगदी जवळ, 10 नॅनोमीटरच्या आत, रेणू उजळतच नाही म्हणा ना. त्याची ऊर्जा धातूतले इलेक्ट्रॉन परस्पर गिळतात आणि तिची उष्णता होते. 1970च्या दशकात चान्स, प्रॉक आणि सिल्बी यांनी रेणूला इवलासा अँटेना मानून गणित मांडलं, ते या मोजमापांशी छान जुळलं.

2006 मध्ये झुरिक आणि रॉचेस्टर इथल्या दोन गटांनी आरशाऐवजी सोन्याचा एकच सूक्ष्म गोळा एकाच रेणूजवळ नेला. गोळ्यातले इलेक्ट्रॉन एकसाथ हिंदकळतात आणि भोवती प्रकाश गोळा करतात, त्यामुळे रेणू आधी जास्त तेजाळला. आणखी जवळ नेल्यावर विझत गेला. देणारं आणि चोरणारं सोनं एकच.

पण ड्रेक्सहागे यांची मोजपट्टी होती ती पाण्यावरची साय, आणि ती साय ब्राउनश्वाइगच्या एका स्वयंपाकघरातून आली आहे. आग्नेस पोकेल्स घर सांभाळायच्या. तेव्हा तिथे मुलींना विद्यापीठ बंद होतं. पत्र्याची लांबट थाळी आणि पाण्यावर सरकवायची पट्टी एवढ्यावर त्यांनी मोजमापं केली आणि 1891 मध्ये लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिलं. रॅले यांनी ते ‘नेचर’मध्ये छापून आणलं. पुढे अमेरिकेत लँगम्यूर आणि कॅथरिन ब्लॉजेट यांनी ही साय काचेवर चढवली. आमच्या पाठ्यपुस्तकात नावं होती ती या दोघांचीच. पोकेल्सबाई मला सापडल्या एका तळटीपेत, तेही प्रबंध बांधून झाल्यावर. हे मला अजून पटत नाही.

1932 मध्ये लँगम्यूर यांना नोबेल मिळालं. त्याच वर्षी ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने सत्तरीतल्या पोकेल्सबाईंना मानद डॉक्टरेट दिली.