वजनाचं ऑपरेशन : आधी काय विचारायचं?

परवा यवतमाळच्या बसस्टँडजवळ चहा घेताना ओळखीच्या एकानं विचारलं, "भाऊ, बायकोचं वजन एकशे दहा किलो, शुगर पण आहे. नागपूरच्या डॉक्टरनं पोटाचं ऑपरेशन सांगितलं. जिवाला धोका तं नाही ना?" मी काही डॉक्टर नाही. पण या ऑपरेशनचा इतिहास वाचलाय, तो सांगतो. उत्तर त्यातच आहे.

१९५४ साली अमेरिकेत क्रेमेन आणि लिनर या डॉक्टरांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळून अन्नाची वाट आखूड करण्याची पद्धत मांडली. वजन झपाट्यानं उतरायचं. पण पुढे कुणाचं लिव्हर खराब, कुणाला मुतखडे, कुणाला सततचे जुलाब. शेवटी ती पद्धत सोडावी लागली. टाके सुकले म्हणजे पेशंट सुटला असं नाही, हे तेव्हा कळलं.

नंतर आयोवाचे सर्जन एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आलं, की अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या लोकांचं वजन कमी होतं. त्यावरून १९६६ मध्ये गॅस्ट्रिक बायपास आला. पुढे मेसन यांनी अनेक सर्जनांच्या केसेसची एकत्र नोंदही सुरू केली. चांगलं-वाईट सगळं लिहायचं. मला हे काम ऑपरेशनपेक्षा कमी मोठं वाटत नाही. १९९० च्या दशकात दुर्बिणीतून बायपास होऊ लागला. जखम लहान झाली, पेशंट लवकर चालायला लागला.

आता आपल्याकडे या. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२! म्हणजे आपण बारीक दिसूनही चरबीवाले. पुण्याचेच सर्जन डॉ. शशांक शहा आणि सहकाऱ्यांनी बीएमआय ३५ च्या आतल्या १५ मधुमेही पेशंटचा बायपास केला. २०१० मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात तीन महिन्यांत सगळ्यांची शुगरची औषधं सुटली, कुणी दगावलं नाही. पण पेशंट पंधराच, आणि पाहणी नऊ महिन्यांची. आशा वाटावी इतकं हे नक्की आहे, हमी द्यावी इतकं नाही.

सगळ्यात धाडसी अभ्यास मिशिगनचा, २०१३ चा. वीस सर्जनांनी आपल्या ऑपरेशनचे व्हिडिओ दिले, इतर सर्जनांनी नाव न कळता गुण दिले. सर्वात कमी गुणांच्या गटात गुंतागुंत १४.५ टक्के, सर्वात वरच्या गटात ५.२. ऑपरेशन तेच, हात वेगळे.

म्हणून त्या भावाला सांगितलं, डॉक्टरांना बिनधास्त विचारा. अशी किती ऑपरेशनं केली? किती जणांना पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं? वर्षानंतर किती पेशंट तपासणीला येतात? बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या आणि रक्ततपासणी जन्मभर लागते, तो खर्च किती? घरी आल्यावर पोट जोरात दुखलं, ताप आला, नाडी धावायला लागली किंवा उलट्या थांबेनात, तर रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार? नागपूर दीडशे किलोमीटर आहे, हे विसरू नका.

चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही. जो चिडेल, तिथं सही करण्याआधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.